पहिलं सत्र कुणाचं?

कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँट इथल्या हार्वी मड या छोट्या महाविद्यालयात २००६च्या आसपास संगणकशास्त्र घेणाऱ्या दहांत जेमतेम एक मुलगी असे. मारिया क्लावे त्याच वर्षी तिथल्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, पण पुढे हे चित्र बदललं, त्याचं मोठं श्रेय शिक्षकांचं. सर्वांना सक्तीचा असलेला पहिल्या सत्राचा प्रोग्रामिंगचा विषय त्यांनी नव्याने बांधला. जावा या संगणकभाषेऐवजी पायथन आणलं, उदाहरणं विज्ञानातल्या खऱ्याखुऱ्या प्रश्नांची घेतली आणि शाळेतच कोडिंग शिकून आलेल्यांचा वर्ग कोऱ्या पाटीने आलेल्यांपासून वेगळा केला. वर्गात सतत आपलंच ज्ञान पाजळणाऱ्याला शिक्षक बाजूला घेऊन समजावत की हे आपण तासानंतर बोलू. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण गप्प बसणाऱ्यांना बोलायला जागा मिळाली ती त्यामुळे. पाचेक वर्षांत मुलींचं प्रमाण ४० टक्क्यांवर पोचलं. इकडे महाराष्ट्राने २०२४मध्ये आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक शिक्षणाचं शुल्क माफ केलं. निर्णय फार चांगला. पण मराठी माध्यमातून, संगणक नसलेल्या घरातून आलेली मुलगी पहिल्याच प्रात्यक्षिकाला बिचकली, तर शुल्कमाफी तिला वर्गात बोलतं करणार नाही. प्राध्यापकहो, येत्या सत्रात पहिल्या दिवशी एवढं तरी विचारा: यापूर्वी कोडिंग कुणी केलेलं नाही? आणि शिकवायला तिथून सुरुवात करा.