पाठ कोणाचा, मालकी कोणाची?

झरी जामणी तालुक्यातील एखाद्या कोलाम पोडावर ग्रंथांच्या संगणकीय संपादनाचा विषय काढला, तर ती शहरी विद्वानांची चैन वाटेल. पाणी, रस्ता आणि वनजमिनीचा पट्टा यांसाठीच जेथे तहसील कचेरीचे खेटे घालावे लागतात, तेथे पाठभेदांची चर्चा कशाला? आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. शब्द कोणी टिपला, कोणी गाळला आणि अखेर तो कोणाच्या कपाटात गेला, या प्रश्नांचा पोटापाण्याशी संबंध नसतो, हा समज इतिहासाने खोटा ठरविला आहे.

जोतीराव फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'चेच पाहावे. १८८३ साली लिहून पुऱ्या झालेल्या या ग्रंथाचे दोन भाग 'दीनबंधू'त छापले गेले; पुढचे छापण्याचे धैर्य संपादकांना झाले नाही. संपूर्ण ग्रंथ पुस्तकरूपाने निघण्यास १९६७ साल उजाडले. शेतकऱ्याच्या दैन्याची मीमांसा करणारे पुस्तक शेतकऱ्याच्याच पिढ्यांपासून दूर राहिले, ही नुसती वाङ्मयीन हानी नव्हे. संपादकाची खुर्ची हीही एक सत्ता आहे, आणि सत्तेचा हिशेब जनतेने मागायचा असतो.

हा हिशेब देण्याची पद्धत महाराष्ट्रातच घडली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली तडीस नेले. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते पडताळण्यात आली, आणि स्वीकारलेल्या पाठाखाली नाकारलेले पाठही छापले गेले. संपादकाचा निर्णय वाचकाला तपासता यावा, हे त्या परंपरेचे मोठेपण. परंतु छापील पानाला मर्यादा असते. एकच पाठ वर विराजमान होतो. बाकीचे बारीक टायपात तळाशी दाटीवाटीने बसतात.

संगणकाने ही उतरंड मोडता येते. कोणताही पाठ समोर आणावा, दुसऱ्याशी ताडून पाहावा, शब्दावरून थेट मूळ हस्तलिखिताच्या चित्राकडे जावे, हे आता शक्य आहे. ग्रंथातील प्रत्येक अंगाला खूण करण्याचे सर्वमान्य संकेत ठरविण्याचे काम 'टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने १९८७ साली सुरू केले. ते संकेत कोणालाही विनामूल्य वापरता येतात. आपल्याकडे मात्र जुन्या पुस्तकाच्या पानांची छायाचित्रे काढून ठेवली की काम फत्ते झाले, असे मानण्याची प्रवृत्ती आहे. छायाचित्र म्हणजे जतन. ते संपादन नव्हे. त्यात शब्द शोधता येत नाही, पाठ ताडता येत नाही.

जेथे हस्तलिखितच नाही, तेथे काय करावयाचे? याचे उत्तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या कार्यात सापडते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने त्या ध्वनिमुद्रणांसह लोकांसमोर ठेवण्यास आरंभ केला. ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव नोंदले जाते, ही या कामातील सर्वांत मोलाची गोष्ट. 'लोकवाङ्मय' या गोंडस नावाखाली कष्टकरी स्त्रीचे कर्तृत्व निनावी करण्याची रीत येथे मोडली गेली.

कोलामीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. मरी एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने स्वातंत्र्यपूर्व काळात वर्धा जिल्ह्यातील कोलामांकडून ही भाषा टिपली आणि १९५५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो आजही आधारभूत आहे. पण वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला जावा आणि कापड होऊन परत विकत घ्यावा लागावा, तशीच ही ज्ञानाची व्यवस्था झाली: कच्चा माल पोडाचा, पक्का माल परदेशीच्या ग्रंथालयात. कोलामी द्राविडी कुळातील भाषा. तिच्यात ऱ्हस्व 'ए' आणि दीर्घ 'ए' हे वेगळे स्वर आहेत, 'ओ'चेही तसेच. नेहमीच्या मराठी लेखनात हा भेद बुजतो. म्हणून कोलामी मजकुराच्या पाठीशी मूळ आवाज असलाच पाहिजे.

आता पोटापाण्याचा मुद्दा. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत, दावेदाराव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले कथन हा पुरावा मानला आहे. कोलाम ही विशेष असुरक्षित आदिवासी जमात असल्याने तिला अधिवास हक्काचाही मार्ग खुला आहे. ओढा, टेकडी, देवस्थान यांची नावे म्हाताऱ्यांच्या बोलण्यात असतात. ती मराठीत उतरविताना नाव चुकले, तर दावाच लंगडा पडू शकतो. तेव्हा तोंडी शब्दाची अचूक, तपासता येण्याजोगी नोंद हे संपादनाचे काम जमिनीच्या लढ्याचेही काम ठरते.

यासाठी तीन मागण्या पुढे रेटावयास हव्यात. सार्वजनिक पैशाने निघणारी प्रत्येक आवृत्ती शोधता येईल अशा मजकुरासह आणि पाठभेदांसह सर्वांना विनामूल्य मिळावी. कोलामी कथने टिपणारे आणि संपादणारे तरुण-तरुणी पोडावरचेच असावेत, आणि त्यांना मानधनाची खिरापत नव्हे, रीतसर वेतन मिळावे. तिसरे म्हणजे, काय प्रसिद्ध करावे आणि काय राखून ठेवावे याचा निर्णय ग्रामसभेचा असावा. एक प्रत आश्रमशाळेत, एक तालुक्याच्या वाचनालयात राहावी. मोठमोठ्या कंपन्या जगभरचे शब्द आपल्या यंत्रांसाठी गोळा करीत असताना तिसरी मागणी टाळणे परवडणारे नाही.

कार्यकर्त्यांना त्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. वनहक्काच्या दाव्यासाठी वडीलधाऱ्यांचे कथन लिहून घेताना ते त्यांच्याच भाषेत ध्वनिमुद्रित करावे, त्यांच्या संमतीने नाव, गाव आणि तारीख नोंदवावी, आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे. संपादनाचा पहिला धडा तोच आहे.