शब्द तेच, गळा दुसरा

वर्गात कविता म्हणताना एखाद्याचा ‘ळ’ घसरला की मागच्या बाकावरून हसू येतं. उर्दूच्या तासाला तेच हसू शीन-काफवरून येतं. परवा सातवीतली एक मुलगी अशीच अर्ध्यावर थांबली, खाली बसली आणि तेवढ्यात घंटा झाली. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एक फ्रेंच गाणं घोळत होतं.

गाण्याचं नाव ‘दूस फ्रान्स’, म्हणजे गोड फ्रान्स. शार्ल त्रने या गायकानं ते १९४३ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना लिहिलं. गाव, शाळा, लहानपण यांच्या आठवणींचं साधं गाणं. गंमत अशी की ‘गोड फ्रान्स’ हे शब्द काही त्रनेचे नव्हेत. रोलांच्या जुन्या वीरकाव्यात ते पुन्हा पुन्हा येतात, आणि त्या काव्यात शत्रू म्हणून समोर उभे आहेत ते मुसलमान!

आता १९८६ सालात या. ल्यों शहरातल्या स्थलांतरितांच्या मुलांचा एक बँड होता. नाव ‘कार्त द सेजूर’, म्हणजे परदेशी माणसाचा राहण्याचा परवाना. बँडचं नाव म्हणून हे ठेवायला छातीच हवी. गायक राशिद ताहा. तो १९५८ साली अल्जीरियात जन्मला, तेव्हा अल्जीरिया कायद्यानं फ्रान्सचाच भाग होता. अल्जीरिया १९६२ साली स्वतंत्र झाला. पुढे घरच्यांबरोबर हा मुलगा फ्रान्सला आला आणि तिथं परदेशी ठरला. गाण्यात नाव होण्याआधी तो कारखान्यात राबला.

या बँडनं ‘दूस फ्रान्स’ गायलं. शब्द फ्रेंचच ठेवले; ढंग मात्र अरबी, आणि उच्चारही लपवले नाहीत. एवढ्यानं गाणं उलटंपालटं झालं. शाळेच्या, गावाच्या आठवणी त्याच, पण आता त्या सांगतोय कोण? ज्याला रस्त्यात कागदपत्रं विचारली जातात तो. काहींना ही थट्टा वाटली, काहींना माया. मला विचाराल तर दोन्ही होतं. आपल्या माणसाशी भांडताना आवाजात असतं ना, तसं.

त्याच वर्षी तिथलं सरकार नागरिकत्वाचा कायदा बदलू पाहत होतं. परदेशी आईबापांच्या पोटी फ्रान्समध्ये जन्मलेल्या मुलांना वयात आल्यावर आपोआप मिळणारं नागरिकत्व आता मागून घ्यावं लागणार होतं. तेव्हा हे गाणं थेट संसद सदस्यांना वाटण्यात आलं. प्रस्ताव त्या वेळी मागे पडला. १९९३ साली तशी तरतूद आलीच, आणि १९९८ साली ती पुन्हा काढावी लागली.

फ्रेंच गाणी परदेशी जाऊन बदलतात, हे नवं नाही. त्रनेचंच समुद्राचं गाणं इंग्रजीत गेलं आणि पैलतीरी वाट पाहणाऱ्या प्रेयसीचं झालं. क्लोद फ्रांस्वा हा तर इजिप्तमधल्या इस्माइलियाचा जन्म. १९६७ सालचं त्याचं गाणं होतं रोजच्या सवयीत विझत गेलेल्या प्रेमाचं. पॉल अँकानं त्या चालीवर इंग्रजी शब्द लिहिले आणि फ्रँक सिनात्राच्या तोंडी ते ‘माय वे’ झालं. घरातला उदास नवरा गेला, स्वतःच्या अटींवर जगल्याचं सांगणारा मोठा माणूस आला. पण तिथं चाल ठेवून शब्द बदलले होते. ताहानं शब्दांना हातच लावला नाही, म्हणून तर ते जास्त झोंबलं.

त्या मुलीची कविता अर्धीच राहिली आहे. सोमवारी पहिल्या ओळीपासून म्हणायला सांगणार आहे, तिच्याच उच्चारांत. नंतर मागच्या बाकावरच्यांनाही एकेक कडवं.