वर्गातला स्क्रीन: आधी कौतुक, मग गरज, आता धास्ती?

जून 2015 मध्ये राज्य सरकारनं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम जाहीर केला. गावोगावी लोकवर्गणी निघाली, जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रोजेक्टर आणि टॅब आले. शाळा ‘डिजिटल’ असणं ही गावाची प्रतिष्ठा ठरली.

2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि मोबाइल हाच वर्ग झाला. पण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीसारखी गावं सह्याद्रीच्या कुशीत आहेत. अशा डोंगराळ, आदिवासी पट्ट्यात रेंज आणि स्मार्टफोन दोन्हींची वानवा. शेवटी अशा भागांत अनेक शिक्षक वाडी-वस्तीवर जाऊन शिकवू लागले.

मग वारं फिरलं. 2022 मध्ये सांगलीच्या मोहित्यांचे वडगावनं रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली.

ही भीती अनाठायी नाही. ‘असर 2024’ अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात स्मार्टफोन अभ्यासासाठी वापरला, तर 76 टक्क्यांनी सोशल मीडियासाठी.

पण घरचा मोबाइल आणि वर्गातला स्क्रीन एक नाहीत. वर्गात तो कधी लावायचा आणि कधी बंद करायचा, हे शिक्षक ठरवतात. ज्या मुलाच्या घरी फोनच नाही, त्याच्यासाठी शाळेतला स्क्रीन हीच एकमेव संधी असते.

म्हणून ‘हवा की नको’ यापेक्षा साधा प्रश्न महत्त्वाचा: प्रोजेक्टर लोकवर्गणीतून आला, पण दरमहा वीजबिल कोण भरणार?