जुनी सिनेमा पोस्टर्स : डागडुजी करा, पण सांगून करा

जुन्या मालाचा धंदा नजरेवर आणि शब्दावर चालतो. मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, घड्याळे, झुंबरे आणि ग्रामोफोन यांच्या जोडीने जुन्या हिंदी सिनेमांची पोस्टर्सही विकली जातात. एके काळी रद्दीच्या भावाने जाणारा हा कागद आता लिलावापर्यंत पोहोचला आहे. किंमत वाढली तशी डागडुजी करणाऱ्या कारागिरांना कामही मिळू लागले. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु फाटलेले पोस्टर नीट करणे कुठे संपते आणि गिऱ्हाइकाला फसवणे कुठे सुरू होते, याचा विचार आपल्या बाजारात फारसा होत नाही.

पोस्टर टिकावे म्हणून छापलेच जात नव्हते. ३० बाय ४० इंचांचा स्वस्त कागद काही आठवडे भिंतीवर राहिला की त्याचे काम संपले. असा कागद वर्षानुवर्षे आपल्याच आम्लाने पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. त्यात मुंबईची दमट हवा, बुरशी आणि कसर. म्हणून दुरुस्ती हवीच. ती झाली नाही तर 'मदर इंडिया' (१९५७) किंवा 'मुगल-ए-आझम' (१९६०) यांची पहिली पोस्टर्स पुढच्या पिढीला पाहायलाही मिळणार नाहीत. दुरुस्ती करणारा कारागीर हा या मालाचा राखणदार आहे.

मात्र राखणदाराच्या हातूनच नुकसान होते तेही पाहिले पाहिजे. चिकटपट्टी लावली की काही वर्षांत तिचा गोंद कागदात उतरून तपकिरी डाग पडतो. फेव्हिकॉलने पुठ्ठ्यावर चिकटवलेले पोस्टर पुन्हा सुखरूप सोडवणे जवळजवळ अशक्य असते. लॅमिनेशनचेही तसेच. ब्लीचने कागद पांढरा दिसतो, पण त्याचा जीव जातो. खळीला कीड लागू नये म्हणून बाइंडर मोरचूद घालतात. पण त्यातले तांबे कागदाला हळूहळू खाते. याउलट गव्हाच्या सत्त्वाची साधी खळ आणि मजबूत पातळ कागदाचे अस्तर वापरले, तर उद्या दुसरा जाणकार ते पाण्याने सोडवू शकतो. रंग पाण्यात फुटतो का, हे आधी कोपऱ्यावर एक थेंब टाकून पाहावे. आज केलेले काम उद्या काढता आले पाहिजे, ही या हुनराची पहिली कसोटी.

दुसरी कसोटी सचोटीची. फाटलेला कोपरा भरून त्याला आजूबाजूचा रंग देणे ही दुरुस्ती आहे. नायिकेचा अर्धा चेहरा नाहीसा झाला असताना तो अंदाजाने रंगवणे आणि सांगितल्याशिवाय विकणे ही फसवणूक आहे. पुढच्या काळात सिनेमा पुन्हा लागला तेव्हा छापलेले पोस्टर पहिल्या वेळचे म्हणून देणे, छापखान्याची ओळ खरवडणे, नव्या छपाईला चहाच्या पाण्याने जुनेपण आणणे, हेही त्यातलेच. भिंग लावले की छपाईचे ठिपके नवे-जुने सांगतात. गिऱ्हाईक आज ना उद्या भिंग घेऊन येतेच.

आणखी एक गोष्ट. त्या काळच्या अनेक पोस्टरवर सिनेमाचे नाव रोमन, नागरी आणि उर्दू अशा तीन लिप्यांत असे. उर्दू न जाणणारा कारागीर फाटलेली अक्षरे भरू लागला की एखादा नुक्ता इकडचा तिकडे होतो आणि शब्दच बदलतो. आपल्यातल्या उर्दू जाणणाऱ्या कारागिरांनी हे काम हाती घेतले तर ते अधिक चोख होईल.

व्यापारी म्हणतील, दोष सांगितला तर भाव पडतो. खरे आहे, त्या एका पोस्टरचा भाव थोडा पडेल. पण लपवलेला दोष बाहेर आला की दुकानातल्या सगळ्याच मालाचा भाव पडतो. शेजारच्या प्रामाणिक दुकानदारालाही त्याची झळ बसते, आणि मोठे गिऱ्हाईक बाजार सोडून लिलावगृहाकडे जाते. यात सर्वांत अडचणीत येतो तो कारागीर. "अगदी नवे करून दे" असे मालक सांगतो, मजुरी ठरलेली असते. बोल मात्र कारागिराच्या हाताला लागतो. ओले धान्य ढिगाखाली लपवून वर सुके दाखवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कागदाच्या मालाला ती कमी लागू होत नाही.

म्हणून बाजारातील दुकानदारांनी आणि कारागिरांनी एकत्र बसून एवढे तरी नियम ठरवावेत :

१) काम सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर पोस्टरचा फोटो काढावा.
२) सुटणार नाही असा गोंद आणि लॅमिनेशन वापरू नये.
३) कुठे भर घातली, कुठे रंग दिला, मागे कसले अस्तर लावले, हे चिठ्ठीवर लिहून बिलासोबत द्यावे.
४) नव्या छपाईवर 'पुनर्मुद्रण' असा न पुसणारा शिक्का असावा.
५) मूळ खुणा, सही आणि छापखान्याचे नाव यांना हात लावू नये.

यासाठी मोठे भांडवल लागत नाही. मोबाईलवर फोटो निघतो आणि चिठ्ठीला दोन मिनिटे पुरतात. चिठ्ठीसह माल देणारे दहा-पंधरा दुकानदार पुढे आले, तर चिठ्ठी नसलेला माल गिऱ्हाईक आपणहून बाजूला ठेवील. सुरुवात कोणी करायची, एवढाच प्रश्न आहे.