गाईचा ढेकर आणि आपला हिशेब

मागच्या सेमिस्टरला सेमिनारसाठी मी 'गुरांमधून होणारं मिथेनचं उत्सर्जन' हा विषय घेतला. खरं कारण सांगतो, यादीत तेवढाच शिल्लक होता. वीस स्लाइड्स केल्या आणि शेवटच्या स्लाइडवर ठळक अक्षरांत लिहिलं, 'गुरांची संख्या कमी करा.' टाळ्या पडल्या, मार्क्सही बरे पडले. रात्री रूमवर आलो तर रूममेट म्हणाला, "कमी करा म्हणजे काय करायचं रे? आमच्या दावणीला चार हायेत. त्यातलं कुठलं कमी करू तेवढं सांग." तो साताऱ्याच्या माण तालुक्यातला, म्हणजे कायम दुष्काळी भागातला. मला काही सांगता आलं नाही. हा लेख त्या रात्रीचं राहिलेलं उत्तर आहे.

आधी थोडं सायन्स. (इंग्रजी माध्यमामुळे मला 'रुमिनन्ट' पाठ होता, 'रवंथ' हा शब्द रूममेटने शिकवला.) कडबा, गवत आपल्याला पचत नाही. गाई-म्हशींच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव ते आंबवून त्यातून जनावराला ऊर्जा मिळवून देतात. त्यात हायड्रोजन सुटतो. तो साचला तर पुढचं काम अडतं, म्हणून दुसऱ्या जातीचे सूक्ष्मजीव त्याचा मिथेन करतात आणि गाय तो ढेकरातून बाहेर सोडते. ज्या दुसऱ्या वाटेवर आख्खा वर्ग हसला, तिथून अगदी थोडा जातो. आणि गोबर गॅसने हा प्रश्न सुटत नाही, कारण तिथे शेणातला मिथेन मिळतो, ढेकरातला नाही.

हा वायू हवेत साधारण बारा वर्षंच टिकतो, पण वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून जास्त उष्णता धरतो. म्हणजे आज कमी केला तर फरक आपल्याच हयातीत दिसेल. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींहून जास्त गाई-बैल आणि जवळजवळ ११ कोटी म्हशी-रेडे होते. त्यामुळे 'आमचा काय संबंध' असं म्हणून चालणार नाही.

बाहेरच्या देशांनी काय केलं? न्यूझीलंडने २००३ साली गुरांवर कर लावायचं म्हटलं, तर एका खासदाराने थेट संसदेच्या पायऱ्यांवर ट्रॅक्टर चढवला. कर बारगळला. २०२२ मध्ये पुन्हा प्रस्ताव आला, २०२४ मध्ये तिथल्या नव्या सरकारने तो मार्ग सोडला. डेन्मार्कने मात्र २०३० पासून कर लावायचं २०२४ मध्ये ठरवलं. तिथे गोठा म्हणजे जवळजवळ कारखानाच, प्रत्येक गाईचा खुराक नोंदलेला. आपल्याकडे दोन गाई, एक म्हैस आणि सकाळी डेअरीत घातलेलं पाच-सहा लिटर दूध यावर मुलांच्या फिया भरल्या जातात. त्यावर कर लावा असं मला तरी म्हणवत नाही. २०२१ साली ग्लासगोला मिथेन ३० टक्क्यांनी कमी करण्याची जी जागतिक शपथ झाली, तिच्यावर भारताने सही केली नाही. त्यामागची अडचण आता मला समजते.

पण सही केली नाही म्हणून काहीच करायचं नाही का? इथे मला इंजिनिअरिंगचा उपयोग झाला. आपण दोन बाइक्सची तुलना कशी करतो? टाकी किती मोठी यावर नाही, ॲव्हरेजवर. देशी दुभती गाय वर्षाला साधारण २८ किलो मिथेन सोडते, संकरित गाय ४३ किलो. आपल्या सरकारी हिशेबांतले हे आकडे. पण देशी गाय दिवसाला तीन लिटर आणि संकरित आठ लिटर देते, तीनशे दिवस देते, असं धरलं तर लिटरमागे देशीचा मिथेन ३१ ग्रॅम, संकरितचा १८. मी हे गणित रूममेटला विजयी मुद्रेने दाखवलं. तो म्हणाला, "ती आठ लिटरवाली मार्च-एप्रिलमधी धापा टाकती. तिला पाणी तू आणून देणार का?"

दिवाळीत त्याच्या गावी गेलो तेव्हा त्याच्या आईंना विचारलं, गाईला काय घालता? त्या म्हणाल्या, "दूध देती तवर पेंड. भाकड झाली की कडबा." पाड्यांना तर पेंड जवळजवळ नाहीच. नुसत्या कडब्यावरची पाडी पहिल्यांदा व्यायला चार-चार वर्षं लागतात. तोवर रोज ढेकर चालू, दूध शून्य! खाल्लेल्या ऊर्जेतले सहा-सात टक्के या वायूतून उडून जातात, म्हणजे नुकसान हवेचं आहे तसं त्या माउलीचंही आहे.

म्हणून माझं मत असं, की सुरुवात गव्हाणीपासून करावी. कडब्याची कुट्टी, थोडा हिरवा चारा, खनिज मिश्रण, आणि दुधाच्या मानाने मोजून खुराक. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने संतुलित आहाराचा हा कार्यक्रम गावोगाव राबवला, त्यात लिटरमागे मिथेन घटला आणि शेतकऱ्याचा खर्चही. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य केलं आहे, त्याने १७ ते २० टक्के मिथेन कमी होतो असं संस्था सांगते. मात्र अशी खाद्यं गव्हाणीत मिसळावी लागतात. दिवसभर माळावर चरणाऱ्या जनावरासाठी गायरानात चांगलं गवत वाढवणं हाच उपाय उरतो, आणि गायरानं कुठे गेली हे गावात कोणालाही विचारा.

संख्येचा प्रश्न उरतोच. महाराष्ट्रात गोहत्याबंदी आधीपासून होती, २०१५ पासून बैल आणि खोंडही त्यात आले. कायदा बरा की वाईट यात मी शिरत नाही. पण 'संख्या कमी करा' म्हणणाऱ्याने भाकड गाय आणि म्हातारा बैल कोण पोसणार, तेही त्याच स्लाइडवर लिहायला हवं. मी लिहिलं नव्हतं.

परवा ती फाइल उघडली आणि शेवटची स्लाइड बदलली. आता तिथे आहे, 'प्रत्येक गाईला पोटभर आणि मोजून.' रूममेटने वाचलं आणि म्हणाला, "मोजून ठीक हाय. पोटभर कुठनं आणायचं, ते पुढच्या सेमला घे."

घेतोय.