बँकेवर निर्बंध आले तर तुमच्या पैशांचं काय होतं? पाच लाखांचा नियम समजून घ्या

१४ फेब्रुवारी २०२५. अंधेरीत न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या शाखेबाहेर खातेदारांची रांग लागली होती. आदल्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने निर्बंध लावले होते. नवी ठेव नाही, नवं कर्ज नाही आणि खात्यातून एक रुपयाही काढता येणार नाही. पासबुकात रक्कम दिसतेय, पण हातात काही नाही. पुढे १२२ कोटींच्या कथित अपहाराचा गुन्हा दाखल झाला.

भांडुप-मुलुंडकरांना लगेच आठवलं ते २३ सप्टेंबर २०१९. भांडुपला मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेवर त्या दिवशी निर्बंध आले. सुरुवातीला खात्यामागे फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती.

मग २०१९ आणि २०२५ मध्ये फरक काय?

फरक कायद्याचा आहे. डीआयसीजीसी ही रिझर्व्ह बँकेची उपकंपनी ठेवींचा विमा उतरवते. हप्ता बँक भरते, ग्राहक नाही. ४ फेब्रुवारी २०२० पासून या विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली. पण बँक बुडाली असं अधिकृतपणे ठरेपर्यंत हे पैसे मिळत नव्हते. पीएमसीचे खातेदार त्यातच अडकले. ही बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, आणि मोठ्या ठेवीदारांची उरलेली रक्कम तर १० वर्षांपर्यंतच्या टप्प्यांत द्यायचं ठरलं.

१ सप्टेंबर २०२१ पासून कायदा बदलला. आता निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते. ४५ दिवसांत बँक ठेवीदारांची यादी देते, ३० दिवसांत पडताळणी आणि पुढच्या १५ दिवसांत पैसे. विलीनीकरणाची शक्यता असेल तर आणखी ९० दिवस लागू शकतात.

न्यू इंडियाच्या खातेदारांना २७ फेब्रुवारीपासून २५,००० रुपये काढता आले. ४ ऑगस्ट २०२५ ला बँक सारस्वत बँकेत विलीन झाली.

पाच लाखांत काय काय मोजतात?

बचत खातं, एफडी, आरडी, मुद्दल आणि व्याज, सगळं मिळून पाच लाख. एकाच बँकेच्या अंधेरी आणि बोरिवली शाखेत खाती असतील तरी ती एकत्र धरतात. दोन वेगळ्या बँका असतील तर मर्यादा वेगळी. एकट्याच्या नावाचं खातं आणि संयुक्त खातं हेही वेगळं मोजतात.

दोन गोष्टी अनेकांना माहीत नसतात. एक, पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. दोन, तुमची हाउसिंग सोसायटी हीसुद्धा एकच ठेवीदार. शंभर सभासदांचा दुरुस्ती निधी एकाच बँकेत असेल, तरी विमा पाच लाखांचाच.

खासगी माहितीचं काय?

विम्याचे पैसे आपोआप येत नाहीत. ते हवे आहेत असं संमतीपत्र द्यावं लागतं, ओळखपत्र आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याची माहिती द्यावी लागते. नेमकी इथेच सावध राहायची गरज आहे. घाबरलेल्या माणसाला "तुमचा क्लेम मंजूर करून देतो" म्हणत ओटीपी मागणं सोपं असतं. क्लेमसाठी ओटीपी किंवा पिन कुणालाही सांगावा लागत नाही. कागदपत्रं शाखेत किंवा बँकेच्या अधिकृत वेबसाइटवरूनच द्या, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेल्या लिंकवरून नाही.

आज काय कराल?

एका बँकेत पाच लाखांपेक्षा जास्त रक्कम असेल तर ती विभागा. केवायसी आणि नॉमिनी तपासा. दुसऱ्या बँकेत एक चालू स्थितीतलं खातं ठेवा. आणि सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत एक साधा प्रश्न विचारा : आपला निधी किती बँकांमध्ये आहे?