मनी प्लांटला कात्री लावा

मनी प्लांट कापायचा नसतो, लक्ष्मी जाते, असं बऱ्याच घरांत अजूनही मानतात. मग तो वेल खिडकीच्या गजावरून पडद्याच्या दांडीवर, तिथून टीव्हीच्या मागे असा फिरत राहतो. पाहुण्यांना कौतुकाने सांगितलंही जातं, "पंधरा फूट झालाय!" पण जरा जवळ जाऊन बघा. त्यातली दहा फूट नुसती दोरी असते. पानं काय ती शेंड्याला आठ-दहा, आणि कुंडी बोडकी.

मला यात वैभव दिसत नाही. दुर्लक्षाला आपण श्रद्धेचं नाव दिलंय, इतकंच.

वाढता शेंडा खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक त्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की मागचे डोळे जागे होतात आणि वेलाला फुटवे येतात. आपल्या द्राक्ष बागायतदारांना हे शिकवावं लागत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी चुकवून ते द्राक्षं काढूच शकत नाहीत. कात्री म्हणजे निर्दयपणा, हा समज फक्त आपल्या दिवाणखान्यातला.

कापायचं कुठे? पानाचा देठ जिथे वेलाला मिळतो ते पेर. तिथेच मुळाचं तपकिरी टोक दिसतं. पेराच्या बोटभर खाली कापा आणि पेर पाण्यात बुडेल असं ठेवा. नुसतं पान देठासकट ठेवलंत तर ते हिरवं राहील, कदाचित मुळंही धरेल, पण त्यातून वेल निघणार नाही. डोळा पेरावर असतो, पानात नाही. आठवड्याला पाणी बदला. दोन-तीन आठवड्यांत मुळं दिसतात, थंडीत थोडी उशिरा. ती दोन इंच झाली की चार-पाच तुकडे त्याच बोडक्या कुंडीत लावा. चिकाने काहींना खाज सुटते, म्हणून हात धुवा आणि तुकडे मुलं-मांजरांपासून लांब ठेवा.

आता त्या लक्ष्मीबद्दल. हा वेल मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरचा. त्याला फूल जवळजवळ येतच नाही. फुलायला लागणारं जिबरेलिन त्यात पुरेसं बनत नाही, असं 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. फूल नाही म्हणजे बी नाही. तो वाढला तो तुकड्यातुकड्यानेच. तुमच्या घरचा वेलही कुणीतरी कधीतरी कापला म्हणूनच तुमच्याकडे आला ना? मग आपल्यापाशी आल्यावर कापणं अशुभ कसं?

चोरून आणलेला मनी प्लांटच जगतो, असंही म्हणतात. मला वाटतं, कुणी मागितल्यावर देत नसावं, म्हणून ही म्हण निघाली असावी!

माझ्याकडचा वेल आत्याचा. आत्या गेली, तिची चाळ पाडली, तिच्या खिडकीतला वेलही तेव्हाच गेला. पण ती येणाऱ्या-जाणाऱ्याला तुकडा कापून देत असे. त्यामुळे आज तो आमच्या नात्यातल्या चार घरांत तरी आहे. तिने जपून ठेवला असता तर एकाही घरात नसता.

असो. पावसाळ्याची हवा याला मानवते. कात्री काढा, एक बाटली स्वतःसाठी भरा आणि एक शेजारच्यांसाठी. बघा पटतंय का.